थर्टी-ऑल ना?

गेल्या रविवारी सकाळी पावणेआठ वाजता आमच्या जिमखान्याच्या दोन नंबरच्या कोर्टावर चार सुशिक्षित माणसं नेटपाशी जमून भांडत होती. एक चार्टर्ड अकाउंटंट, एक हाडांचे डॉक्टर, एक निवृत्त बँक अधिकारी आणि चौथा मी. वाद सोपा होता. गेममध्ये पाच पॉइंट झाले, यावर चौघांचं एकमत होतं. त्यांतले तीन कुणाचे, एवढंच ठरत नव्हतं.

सीएंच्या डोक्यात निम्म्या पेठेची विवरणपत्रं असतात. बँकवाल्यांनी उभ्या नोकरीत रोकड जुळल्याशिवाय घरचा रस्ता धरला नाही. डॉक्टरांना माणसाची २०६ हाडं नावानिशी पाठ. मी दर आठवड्याला या जागेवर दुसऱ्यांच्या चुका मोजतो. अशा चौघांना मिळून पाचपर्यंत मोजता आलं नाही.

सर्व्हिस सीएंची होती. ते म्हणाले, "फॉर्टी-थर्टी." मी म्हणालो, "थर्टी-फॉर्टी, आमचा ब्रेक पॉइंट आहे." यावर सीए दुखावले.

"मी प्रत्येक पॉइंटला स्कोअर पुकारलाय."

"आम्हाला नाही ऐकू आला."

"मी मनात पुकारतो."

मनात पुकारतो! मनात नामस्मरण करावं, मनात शिव्या द्याव्यात. त्या दोन्हींचा हिशेब वरचा ठेवतो. टेनिसचा हिशेब मात्र नेटपलीकडच्या माणसाला लागतो, आणि त्याला आपल्या मनातलं ऐकू येत नाही. आलं असतं तर तो आपल्याबरोबर खेळलाच नसता.

बरं, कोर्टाकडून काही पुरावा मिळेल म्हणावं, तर तेही नाही. सीए डाव्या बाजूला उभे होते. डावी बाजू म्हणजे विषम पॉइंट झाले, एवढंच कळतं. फॉर्टी-थर्टीलाही डावी आणि थर्टी-फॉर्टीलाही डावीच. सगळ्या साक्षीदारांसारखाच हा साक्षीदार. घटना घडली हे सांगतो, कुणी केली हे विचारलं की गप्प.

आता नियम काय सांगतो ते ऐका. खुर्चीवर पंच नसेल तर पहिल्या सर्व्हिसआधी सर्व्हरनं स्कोअर पुकारायचा, समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि पुकारताना सर्व्हरचा आकडा आधी. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं म्हणणं इतकं सरळ आहे. तरीही वाद झालाच, तर शांतपणे बोला, जे पॉइंट दोन्ही बाजूंना मान्य आहेत ते धरा, वादातला तेवढा सोडून द्या. उदाहरणही त्यांनी नेमकं आमचंच दिलं आहे : एकजण फॉर्टी-थर्टी म्हणतो, दुसरा थर्टी-फॉर्टी म्हणतो, तर प्रत्येकी दोन पॉइंट दोघांनाही कबूल, तेव्हा थर्टी-ऑलपासून पुढे खेळा. अमेरिकन लोकांनी आपल्या 'द कोड'मध्ये याच्या पुढच्या पायऱ्याही बांधून ठेवल्यात. एवढ्यानं भागलं नाही तर दोघांना पटेल तो स्कोअर घ्या. तेही जमलं नाही तर रॅकेट फिरवा किंवा नाणं उडवा.

आमच्या जिमखान्याच्या पायऱ्या वेगळ्या. आधी वय काढायचं, मग सभासदत्वाचं वर्ष काढायचं, मग २०११ साली तुम्ही काय केलं होतंत ते काढायचं. नाणं शेवटी, आणि ते कुणाच्याच चड्डीच्या खिशात नसतं.

त्या दिवशी मात्र डॉक्टरांना दवाखाना गाठायचा होता. त्यांनी थर्टी-ऑल जाहीर केलं. पुढचे दोन्ही पॉइंट आम्ही घेतले, गेम घेतला, सेटही घेतला. सीए पोहे न खाता घरी गेले.

पोहे खाताना माझ्या डोक्यात नियमाचं गणित शिरलं. समजा, खरा स्कोअर फॉर्टी-थर्टी होता. खरं बोलणाऱ्याला काय मिळालं? थर्टी-ऑल. म्हणजे कमावलेला एक पॉइंट गेला. चुकणाऱ्याला काय मिळालं? त्याच्याविरुद्धचा एक पॉइंट पुसला गेला. म्हणजे विसराळूपणाचा बाजारभाव एक पॉइंट, आणि तो भरायचा कुणी, तर ज्याची आठवण पक्की त्यानं. नियम करणाऱ्यांचा दोष नाही. साक्षीदार नसलेल्या भांडणात याहून बरा न्याय देवालाही देता येत नाही. पण म्हणूनच तो आधीचा नियम आहे. प्रत्येक पॉइंटला पुकारा. पुकारलेला स्कोअर चुकला, तर भांडण एका पॉइंटचं होतं आणि तिथल्या तिथे मिटतं. न पुकारलेला स्कोअर चुकला, तर अख्ख्या गेमचं उत्खनन करावं लागतं. "तो डॉक्टरांचा लॉब बाहेर गेला तो कितवा?" "तो मागच्या गेममधला." "मग मी डबल फॉल्ट केली ती?" "ती तुम्ही प्रत्येक गेममध्ये करता."

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. आमच्या कोर्टावर मी बरीच वर्षं खेळतो. या वर्षांत स्कोअर विसरणारे शेकड्यानं पाहिले. विसरून स्वतःचं नुकसान करून घेतलेला एकही पाहिला नाही. स्मृतिभ्रंश इतका हिशेबी असल्याचं डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

न पुकारणाऱ्यांच्या जाती अनेक. पहिली जात 'ना'वाल्यांची. हे बोलतात, पण विचारून. "थर्टी-ऑल ना?" मराठीत 'ना' हा एवढासा शब्द, पण त्यात विनंती आहे, दटावणी आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर तुमचंच वागणं वाईट दिसेल याची तजवीज आहे. "जेवून जाणार ना?" यात जेवणाची जशी खात्री नसते, तशी "थर्टी-ऑल ना?" यात थर्टीची नसते. माणूस मागे असला की 'ना' लागतो. पुढे असला की "फॉर्टी-फिफ्टीन!", पूर्णविराम.

दुसरी जात ऋतूंप्रमाणे बोलणाऱ्यांची. आघाडीवर असताना यांचा आवाज कँटीनपर्यंत जातो, पिछाडीवर पडले की मौनव्रत सुरू. यांच्या सर्व्हिस गेमचा स्कोअर ओळखायला कान लागत नाहीत. शांतता पसरली की समजावं, लव्ह-थर्टी.

तिसरी जात पुटपुटणाऱ्यांची. ओठ हलतात, पाठ तुमच्याकडे असते, चेंडू आपटण्याच्या आवाजात "...टी-...टीन" एवढं ऐकू येतं. हेच गृहस्थ 'आऊट' म्हणतात तेव्हा मात्र फाटकाबाहेरची रिक्षा थांबते. छातीत भाता आहे, पण तो एकाच शब्दासाठी राखून ठेवलाय.

चौथी जात उलटतपासणीवाल्यांची. हे पॉइंट संपल्यावर स्कोअर विचारतात. पॉइंट जिंकला तर तो गेम पॉइंट होता, हरला तर "अहो, आत्ता कुठे थर्टी-ऑल!" निकाल पाहून पेपर लिहिण्याची ही सोय फक्त आमच्याच बॅचला मिळालेली आहे.

पाचवी जात नवी. हे मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून येतात आणि फिफ्टीनचं 'फाईव्ह' करून आणतात. "फाईव्ह-थर्टी!" बँकवाल्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घड्याळाकडे पाहून म्हणाले, "नाही हो, सव्वासात झालेत." तरी मी या जातीच्या बाजूनं आहे. अर्धवट का होईना, तोंडानं म्हणतात.

आता प्रश्न असा, की पुकारायला अडतं कुठे? दम लागतो म्हणतात. खोटं. याच दमात पुढच्या सर्व्हिसपर्यंत अर्थसंकल्पावर मत देऊन होतं. खरं कारण नियमाच्या पोटात आहे. सर्व्हरनं आपला आकडा आधी म्हणायचा. म्हणजे तीन पॉइंट घालवून बसलेल्या माणसानं, सगळ्या जिमखान्यादेखत, स्वतःच्या तोंडानं आधी 'लव्ह' म्हणायचं आणि मग 'फॉर्टी'. आपल्या नादारीची दवंडी आपणच पिटायची. साठी उलटलेल्या, सोसायटीच्या अध्यक्षपदावरून न हटलेल्या माणसाला हे कसं जमावं? समोरच्यानं म्हणावं, तर त्यालाही संकोच. "त्यांना लव्ह-फॉर्टी काय म्हणायचं तोंडावर? बरं दिसत नाही." अशा रीतीनं एकाची लाज आणि दुसऱ्याचा भिडस्तपणा मिळून स्कोअर बेपत्ता होतो.

लाजच म्हणावी, तर हे ज्या मुलखात चालतं त्याची आठवण करून देतो. हुतूतूत चढाईवर गेलेल्याला दम घुमवावा लागतो, मोठ्यानं आणि न तुटता. पंचाच्या कानी दम तुटला तर गडी बाद. "मी मनात घुमवत होतो" असं सांगून अजून कुणी मैदानावर परत आलेला नाही. विटी-दांडूत तर मोजणी हाच अर्धा खेळ. वकट, लेंड, मुंड, नाल... गावागणिक पुढचे शब्द बदलायचे, पण मोजायचं सगळ्यांनी मिळून आणि गल्ली ऐकेल असं. ते शब्द तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांची भावंडं आहेत, हे आम्हाला कोण सांगणार? अर्थ कळत नव्हता, आकडा चुकत नव्हता. पोरपणी तेलुगूत बिनचूक मोजणारी माणसं म्हातारपणी फ्रेंचांच्या आकड्यांत अडखळतात, ती भाषेमुळे नाही.

आणि हो, पंधरा-तीस-चाळीस हे जुन्या फ्रेंच तळहाती खेळातून आलेलं आहे. खरा क्रम पंधरा, तीस, पंचेचाळीस. पंचेचाळीस म्हणायला लांबलचक, म्हणून त्याचं चाळीस झालं, असं मानतात. म्हणजे स्कोअर पुकारण्याचा कंटाळा त्या काळीही होताच. पण ते लोक आकडा तरी आखडत. आम्ही तोच गिळतो. पुढे इंग्लंडमध्ये मेजर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांचा गेम सरळ पंधरा पॉइंटांचा होता आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. १८७७ मध्ये पहिलं विम्बल्डन भरवताना समितीनं तो हिशेब काढून टाकला आणि जुना फ्रेंच हिशेब आणला. आमच्या सीएंना विंगफील्डसाहेबांचा नियम जास्त मानवला असता.

कुणी म्हणेल, चुका मोठ्यांच्याही होतात. होतात ना. २००४ च्या विम्बल्डनमध्ये दोनदा विजेती ठरलेली व्हीनस विल्यम्स दुसऱ्या फेरीत क्रोएशियाच्या कारोलिना श्प्रेमशी खेळत होती. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये खुर्चीवरच्या पंचांनी श्प्रेमला तिनं न जिंकलेला एक पॉइंट बहाल करून टाकला. गंमत अशी, की दोघींपैकी कुणीही हरकत घेतली नाही. व्हीनस दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हरली. त्या पंचांना उरलेल्या स्पर्धेत पुन्हा खुर्ची मिळाली नाही. आमच्याकडे स्कोअर चुकवणाऱ्याला पुढच्या वर्षी खजिनदार करतात.

यंत्राचंही कौतुक सांगू नका. २०१० मध्ये त्याच विम्बल्डनवर इस्नर आणि माहू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले. शेवटचा सेट ७०-६८. कोर्टावरचा स्कोअरबोर्ड ४७-४७ ला गोठला, कारण त्याच्यापुढे माणसं खेळतील असं तो बनवणाऱ्यांना वाटलं नव्हतं. फलकानं मान टाकली, पण पंच महंमद लहियानी खुर्चीत बसून तोंडानं स्कोअर पुकारत राहिले आणि सामना चालू राहिला. आमच्याकडच्या तरुण मंडळींनी हल्ली मनगटी घड्याळात स्कोअर ठेवायला घेतलाय. पॉइंट झाला की घड्याळ टोचायचं. आता दोन घड्याळं एकमेकांशी भांडतात.

शेजारच्या कोर्टाकडे तरी बघा. तिथे आखून दिलेल्या पिकलबॉलच्या पट्ट्यांवर कालची पोरं खेळतात. त्यांच्या दुहेरीत दोन नाही, तीन आकडे पुकारायचे असतात : आपले, त्यांचे आणि सर्व्हर पहिला की दुसरा. खेळच सुरू होतो "शून्य-शून्य-दोन" अशा आरोळीनं. स्कोअर पुरा पुकारल्याशिवाय सर्व्हिस करायची नाही. आमच्यातले ज्येष्ठ त्या गोंगाटाविरुद्ध कमिटीला दोन अर्ज देऊन बसलेत. अर्ज मोठ्या अक्षरांत आहेत.

खरं सांगू? हे शिकायला विम्बल्डनही नको आणि पिकलबॉलही नको. मंडईत भाजीवालीला शंभराची नोट द्या. ती सुटे हातात कोंबत नाही. एकेक नोट ठेवत म्हणते, "तीस झाली भाजी, हे दहा चाळीस, हे दहा पन्नास, आन् हे पन्नास शंभर." मोठ्यानं, तुमच्या डोळ्यांदेखत, दर नोटेला. तिला मोजता येत नाही म्हणून नव्हे. तुम्हाला नंतर तक्रारीला जागा राहू नये म्हणून. यालाच स्कोअर पुकारणं म्हणतात. लोक याला शिष्टाचार समजतात, काटा डावीकडे ठेवण्यासारखा. हा शिष्टाचार नाही, हा रोखीचा व्यवहार आहे. मनात ठेवलेला स्कोअर ही उधारी. आणि उधारीची वही प्रत्येकाच्या घरी वेगळी निघते.

आता आमच्या मार्करबद्दल. मार्कर म्हणजे क्लबात सभासदांना खेळवणारा माणूस. चौथा भिडू आला नाही की उभा राहतो, बादलीतले चेंडू टाकतो, रॅकेटची तुटलेली गट बांधतो, पाऊस आला की नेट उतरवतो. त्याला मार्कर का म्हणतात, हे कुणी विचारत नाही. इंग्लंडातल्या जुन्या टेनिस-कोर्टावर मार्कर नावाचा माणूस असायचा, आजही असतो. त्याचं मुख्य काम स्कोअर पुकारणं. स्क्वॉशचा मार्करही तेच करतो, बिलियर्ड्सचा मार्कर फळीवर तेच मांडतो. आपल्याकडे नाव आलं, पगार अर्धाच आला आणि काम तेवढं काढून घेतलं. ज्याच्या हुद्द्यातच स्कोअर आहे, त्याला स्कोअर सांगायची सोय नाही.

रविवारच्या भांडणात आम्ही चौघांनीही त्याच्याकडे पाहिलं होतं. तो बाकावर बसून ग्रिप गुंडाळत होता. "माझं लक्ष नव्हतं, साहेब," म्हणाला. चार सभासदांनी समाधानानं मान डोलावली. साहजिकच आहे, तो कशाला लक्ष देईल?

मंगळवारी मी लवकर गेलो होतो. कोर्टावर दोघंच होतो. सहज म्हणून विचारलं, "रविवारी काय रे झालं होतं?" त्यानं बादली खाली ठेवली आणि गेम जसाच्या तसा वाचून दाखवला. "पहिला सीएसाहेबांचा, सर्व्हिस नेटला लागून आत पडली, लेट होऊन पुन्हा केली तो. दुसरा तुमचा, फोरहॅन्ड. तिसरा सीएसाहेबांचा, तुमच्या पार्टनरनी व्हॉली जाळीत मारली. चौथा तुमचा, डबल फॉल्ट. पाचवा डॉक्टरसाहेबांचा स्मॅश. तो तुम्ही धरलाच नाहीत, कारण तुम्ही तेव्हा बुटाची नाडी बांधत बडबडत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेब, दिवाळीला पोस्त चौघंही देतात."

मी सीएंना अजून फोन केलेला नाही. ते हे सदर वाचतात, चुका काढायलाच वाचतात, म्हणून इथेच लिहितो. सीएसाहेब, फॉर्टी-थर्टीच होता. पॉइंट तुमचा होता, आणि पोहेही. पुढच्या रविवारी या. सर्व्हिस तुमची, पहिला गेम लव्ह-ऑलपासून. पण चेंडू वर टाकण्याआधी तोंड उघडा. आपला आकडा आधी, आणि शेवटी 'ना' नको.